तारेखालचं सूत

सिनेमावाले आले तेव्हा मी भोपळा घासत होतो.
म्हणाले, एक तंबोरा हवा, जुना दिसणारा,
वाजला नाही तरी चालेल.
म्हटलं, मिरजेत न वाजणारा मिळत नाही,
सांगलीला एखादा फर्निचरवाला बघा.
हसले. भाडं ठरलं.
काळी चारचा, बायकी, घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी नटी एकटीच आली,
चेहऱ्याला काही न लावता, रिक्षा बाहेर थांबवून.
"एखादी बाई पूर्वी गायची, वाजवायची.
वीस वर्षं हात लावलेला नाही,
घरात कुणाला ठाऊक नाही.
ती याच्याजवळून जाताना काय करेल?"
दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती.
म्हटलं, "काही नाही करणार, बाई.
बघणारसुद्धा नाही.
फार तर सूत सरकलेलं असेल, तर हात आपोआप..."
आणि दाखवलं. घोडीवर, तारेखाली
सुताचा बारका तुकडा असतो,
केसभर इकडे, केसभर तिकडे,
तेवढ्यावर आवाज उघडतो किंवा मिटतो.
तिनं काही लिहून घेतलं नाही.
माझ्या अंगठ्याकडे बघत राहिली.

दिवाळीनंतर सिनेमा लागला.
शमशादला घेऊन गेलो, भडंगाचा पुडा घेऊन.
अर्ध्या तासात पुढची रांग उठून गेली.
खरंच काही घडत नव्हतं.
दिराचं लग्न ठरतं. भिंतींना रंग देतात.
सासू दोनदा औषध मागते.
आणि माझा तंबोरा हिरव्या खोळीत,
कुणाच्या तरी खांद्याआड.
नवरा विचारतो, हे धूड कुणाचं?
ती म्हणते, माहेरचं. असंच. विकून टाका.
आणि कणीक मळते.
मळता मळता, परातीच्या काठावर,
मधलं बोट एकदा,
तर्जनी तीनदा.
मागं कुणीतरी मोठ्यानं जांभई दिली.
मी अंधारात ताठ बसलो.
हे मी तिला शिकवलं नव्हतं.

सबंध सिनेमात तारा एकदाच वाजल्या,
रंगाऱ्यानं खोळ ओढली तेव्हा, चुकून.
ती येते, अंगणातल्या उन्हातून तो उचलते,
उंबऱ्यावर जराशी थांबते.
कॅमेरा दिरावर, तो हॉलच्या भाड्याचं बोलतोय,
आणि पडद्याच्या कडेला, अर्धा कापलेला
तिचा अंगठा
घोडीवरून एकदा जातो.
पुढं टेम्पो येतो. तंबोरा जातो.
ती दाराची कडी लावते आणि दिवे लागतात.

रिक्षात मी शमशादला अंगठ्याचं सांगत होतो,
हात नाचवत, कारागिराच्या तोऱ्यात.
ती बाहेर बघत म्हणाली,
"जोडीतली एक उतरली होती, उन्हानं.
म्हणून थांबली ती उंबऱ्यावर."

एकतीस वर्षं ही म्हणत आलीय,
मला त्यातलं काही कळत नाही.

त्या रात्री झोप नाही.
आमचाच सिनेमा पुन्हा पहिल्यापासून लावला,
या खेपेला कडेकडेनं बघत.
मी तार जुळवायला घेतली
की आतला मिक्सर बंद होतो.
भांडं ठेवताना ती खाली फडकं घालते.
आणि ते उरुसाच्या आदल्या रात्रीचं,
गवई सकाळी यायचा, तंबोरा काही केल्या लागेना,
मी वैतागून तोंड धुवायला उठलो,
आलो तर लागलेला.
शमशाद दारात कांदे निवडत होती.
म्हणाली, हवा बदलली असेल.
मीही म्हणालो, हो, हवाच.

भडंगाचा पुडा सकाळी पिशवीत सापडला,
जवळजवळ भरलेला.

आज चहाला निघताना
एक तंबोरा मधल्या खोलीत ठेवलाय,
सूत केसभर सरकवून.
दोन चहा झाले. पेपर उलटसुलट वाचून झाला.
टपरीवाला विचारतोय, काय सतारमेकर, आज दुकान नाही?
मी म्हणतो, आहे की.
आणि तिसरा सांगतो.